बसून खाणं

शेलूबाजारच्या फाट्यावर वाशिमची बस हलली तेव्हा इंद्रभान अंभोरे टपरीवर चहा पीत उभा होता. कप त्यानं तसाच बाकड्यावर ठेवला आणि तो धावला. ही गाडी चुकली की पुढं जीप, आणि जीपमध्ये बाजाराची माणसं, कोंबड्या, मिरचीची पोती. बसनं वेग धरला तसा त्यानंही धरला. दांडा हाताला लागला, पाय पायरीवर पडला, आणि तो आत होता. कंडक्टर दार ओढून घेत म्हणाला, की मास्तर तर हरणाच्या जातीचे निघाले. चार माणसं हसली, इंद्रभानही हसला. मग खिडकीपाशी जागा मिळाली, पिशवी मांडीवर आली आणि तो धाप लागण्याची वाट पाहू लागला. धाप लागली नाही. श्वास थोडा मोठा झाला, रस्त्याकडेची दोन झाडं मागं गेली, आणि तोही जागेवर आला. पंचेचाळिशी ओलांडलेला, केस विरळ झालेला माणूस एवढा धावतो आणि त्याच्या छातीला त्याची खबरही नसते, याचा त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी दुसऱ्याच्या खिशातली वस्तू आपल्या हातात सापडावी तसं त्याला झालं. त्यानं दोन्ही हात पिशवीखाली घेतले.

कारण सकाळीच त्यानं पाहिलं होतं. निघताना तो उंबऱ्यापाशी बुटाची नाडी बांधत होता. ओसरीत बाजेवर दादा, त्याचा थोरला भाऊ शेषराव. दादाला उठायचं होतं. त्यानं दोन्ही पंजे बाजेच्या कडेवर रोवले, मान पुढं काढली, ढुंगण वीतभर उचललं आणि ते परत सुतळीत बसलं. त्यानं पुन्हा जोर केला. या खेपेला गुडघे थरथरले, धोतराखालच्या पोटऱ्या रिकाम्या थैल्यांसारख्या हलल्या. दादा स्वतःशीच हसला, जणू बाजेनंच काही चावटपणा केला होता, आणि भिंतीला टेकला. इंद्रभानची नाडी केव्हाच बांधून झाली होती. ती त्यानं सोडली आणि परत बांधली. मान वर न करता 'येतो दादा' म्हणाला आणि शेलूबाजारच्या शाळेत परीक्षेच्या देखरेखीला निघून आला. दिवसभर तो बाकांच्या रांगांमधून हिंडला. एप्रिलचं ऊन कौलांवर तापत होतं, पोरं घामेजल्या हातांनी लिहीत होती, आणि त्याला राहून राहून ती वीतभर उचललेली कंबर दिसत होती. वीतभर वर, आणि परत खाली.

ते शरीर असं नव्हतं. अनसिंगजवळच्या त्यांच्या गावात बाप गेला तेव्हा इंद्रभान नुकता पाटी घेऊन शाळेत बसला होता. शेषरावाला मिसरूडही फुटलं नव्हतं. तो गावच्या एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालदार लागला, वर्षभराच्या बोलीनं बांधलेला गडी. रात्री दोघं भाऊ एका गोधडीवर निजायचे. उशी नव्हती, दादाचा दंड हीच उशी. तो बाभळीच्या मुळीसारखा टणक, आणि झोपेतही स्वस्थ नसायचा. मधेच आतून काहीतरी उसळायचं, निजलेल्या माणसाचा हात अजून नांगर दाबतो आहे असं, आणि इंद्रभानचं डोकं त्यावर हलकं उचललं जायचं. पुढं ट्रेनिंग कॉलेजात शरीरशास्त्राच्या पुस्तकात दंडाच्या स्नायूंचं चित्र आलं, तांबडं, दोऱ्यादोऱ्यांचं. बाकीचे नावं पाठ करत होते. इंद्रभानच्या कानशिलाला ती उसळी जाणवत होती. त्या पुस्तकापर्यंत तो त्याच दंडावरून आला होता. छप्पन साली गावातली माणसं दीक्षेला नागपूरला निघाली तेव्हा मालकानं शेषरावाला सोडलं नाही. रानात काम होतं. इंद्रभान गेला, आणि आल्यावर त्यानं भावाला सगळ्या प्रतिज्ञा म्हणून दाखवल्या. दादा मालकाच्या बैलांना वैरण टाकत त्या ऐकत होता आणि मागून पुटपुटत होता.

दुष्काळाच्या साली दादाची बायको भागिरथा गेली. मूलबाळ नव्हतं. इंद्रभान तेव्हा वाशिमला हायस्कुलात मास्तर होता. त्यानं दादाला घरी आणलं. आठवड्याच्या आत दादानं आपल्या पायांनी काम शोधलं. सरकी काढायच्या कारखान्यात, जिनात, जाऊन कापसाच्या गाठी उचलू लागला. संध्याकाळी केसांत रुई घेऊन परतायचा, हातपाय धुऊन पोटभर जेवायचा, पडला की झोपायचा. मग एक दिवस शिक्षकांच्या खोलीत हेडमास्तर आवाज अगदी गोड ठेवून म्हणाले, की अंभोरे, तुमचे बंधू जिनात हमाली करतात असं ऐकलं, काही अडचण असली तर सांगत चला. एवढंच. कुणी मान वर केली नाही, पण सगळ्यांच्या लेखण्या थांबल्या. इंद्रभानच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या संध्याकाळी तो दादाजवळ बसला आणि म्हणाला, "दादा, लय केलं तुमी. आता काई करू नका. बसून खा."

दादा त्याच्याकडे पाहतच राहिला. त्यांच्या घराण्यात, जेवढी माणसं आठवत होती त्यांच्यात, हे वाक्य कुणी कुणाला म्हटलं नव्हतं. म्हातारपण म्हणजे जरा हलकं काम, एवढीच सूट. बाप निंदणाच्या पातीवरच मेला होता, आजी जात्यापाशी. बसून खायचं ते मालकानं. दादानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, इंद्रभाननंही पुसले, आणि त्या क्षणी इंद्रभानला खरंच वाटलं की आपण हे प्रेमानं बोललो. हेडमास्तरांचा गोड आवाज त्याला नंतर ऐकू आला. तेव्हापासून तो आवाज थांबला नाही.

दादानं ते बसणं एखाद्या पदवीसारखं घेतलं. बाज ओसरीत, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, तोंड गल्लीकडे. भाजीवाला असो, पोस्टमन असो, गावाकडून आलेला कुणी सोयरा असो, सगळ्यांना एकच सांगणं, की माह्या भावानं मले बसवलं, तांब्याबी हातात आनून देते. सुरुवातीला तो सवयीनं उठायचा, दारातली लाकडं फोडायला जायचा. इंद्रभान धावत जाऊन त्याला परत बसवायचा, आणि बसवताना गल्लीकडे एक नजर टाकायचा. मग दादाचं उठणं कमी झालं. पहिल्या वर्षी तो भरला. पाहणारे म्हणाले, शहर मानवलं. इतरांचं ठीक होतं. इंद्रभान दरवर्षी नववीला तोच धडा शिकवत होता. कामावर न लागणारा स्नायू शरीर पोसत नाही. मालक जसा बिनकामाच्या गड्याला पोसत नाही तसंच. त्याचं रक्त आटवतं, धागे बारीक करतं, जागा चरबीला देऊन टाकतं. हाडांतला चुना उतरतो. हृदय थोडक्यात भागवायला शिकतं आणि मग त्याला तेवढंच येतं. हे त्यानं फळ्यावर लिहिलं होतं, पोरांकडून पाठ करून घेतलं होतं, हात झटकून खडूची भुकटी पाडली होती आणि घरी येऊन दादाच्या हातात पाण्याचा तांब्या दिला होता.

त्याच वर्षी इंद्रभानच्या लघवीत साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, घाम काढा. शाळेचे पी.टी. मास्तर प्रेमसिंग राठोड यांनी त्याला ताब्यात घेतलं. "सर, वर्गात आधी पोट जाते तुमचं, मंग तुमी," ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्याला शाळेच्या मैदानावर पळवलं. पहिल्या फेरीला त्याच्या डोळ्यांपुढं काजवे आले. पुढचे दिवस मांड्या अशा ठणकल्या की शाळेच्या पायऱ्या तो आडवा होऊन उतरायचा. प्रेमसिंग म्हणायचे, धागे तुटून राह्यले, तुटू द्या, जुळताना जाड होऊन जुळते. तसंच झालं. पळणं, दंड, बैठका. महिन्यामागून महिना शरीर बदलत गेलं. श्वास पोटापर्यंत उतरू लागला. भूक स्वच्छ लागू लागली. झोप दगडासारखी येऊ लागली. नाडी संथ झाली, एकेक ठोका भरलेला. शिंप्यानं पॅन्ट कमरेत लहान केल्या. साखर उतरली. आंघोळीला बसला की साबणाचा हात मांडीवर थांबायचा. कातडीखाली तिथं एक घट्ट, जिवंत वस्तू आली होती, पूर्वी कधीच नव्हती ती. तिच्यावरून हात फिरवताना त्याला सुख व्हायचं. न्हाणीच्या पडद्यापलीकडं ओसरीत दादा खाकरायचा, आणि हात आखडायचा. घरात मांस ठरावीकच असावं, आणि ते एकाच्या मांडीवरून निघून दुसऱ्याच्या मांडीवर बसलं असावं, असा एक वेडा विचार त्याला तिथं ओल्या अंगानं यायचा. तो मास्तर होता, असं होत नाही हे त्याला ठाऊक होतं. तरी सकाळी मैदानावर जाताना तो बूट हातात घेऊन ओसरी ओलांडायचा. दादा जागाच असायचा. म्हणायचा, "जाय बावा, पळून ये." त्यात चेष्टा नसायची.

बस वाशिमला पोचली, तो गल्लीत वळला, तर चंपाबाई घराबाहेर कोपऱ्याशी उभी होती. त्याची बायको अशी कधी उभी राहत नसे. तिनं सांगितलं ते खालच्या आवाजात आणि तुटक. दुपारी दादा न्हाणीत गेला आणि घसरला. आवाज तिला आला. पण भासऱ्याच्या, थोरल्या दिराच्या, अंगाला हात लावायचा नाही, त्याच्यापुढं तोंड उघडं टाकायचं नाही, हे ती लग्न होऊन आल्यापासून पाळत आली होती. ती पडद्याच्या अलीकडं पदर ओढून उभी राहिली आणि विचारलं, लागलं का. आतून दादा म्हणाला, काई नाई, बसलो जरासा. ती तशीच उभी राहिली आणि तो तसाच ओल्यात बसून राहिला. दोघांच्या मध्ये एक पडदा होता. कितीतरी वेळानं तिला सुचलं आणि तिनं शेजारच्या उकंडरावांना, निवृत्त तलाठ्याला, हाक मारली. त्यांनी एक माणूस बोलावून दादाला उचलून बाजेवर ठेवलं. हे सगळं सांगून झाल्यावर चंपाबाई म्हणाली, "हे काई पह्यल्यांदा नाई. मागंबी पडले. तुमाले सांगू नको म्हने. लोक म्हनतीन, बसवलं खरं पन पाह्यत नाई. भावाच्या नावाले बट्टा लागंन, म्हने."

दुसऱ्या दिवशी सायकल-रिक्षात घालून त्यानं दादाला डॉक्टरांकडे नेलं. छाती ऐकली गेली, गुडघ्यावर हातोडी पडली, मांडी चाचपली गेली. डॉक्टरांनी दादाला बाहेर बसायला सांगितलं आणि ते म्हणाले, की रोग काही नाही. बसून बसून पाय जात चालले आहेत. अजून गेले नाहीत. आता हलवले तर परत येतील. पावसाळाभर असेच बसले तर पुन्हा उठणार नाहीत. आणि आडव्या माणसाची छाती भरायला मग वेळ लागत नाही. औषध काय, असं इंद्रभाननं विचारलं. डॉक्टरांनी त्याच्याकडे, त्याच्या सपाट पोटाकडे, जरा विचित्र पाहिलं आणि म्हणाले, तुम्ही स्वतः काय घेतलंत?

मग तो समजावण्याच्या मागं लागला. संध्याकाळी बाजेजवळ बसायचा, पाय कसा सरळ करायचा, पंजा कसा ओढायचा, ते स्वतः करून दाखवायचा. दादा कौतुकानं बघायचा. लहानपणी इंद्रभान पाढे म्हणायचा तेव्हा बघायचा तसाच. "छान येते तुले," म्हणायचा, आणि पाय तसेच ठेवायचा. जास्तच आग्रह झाला की सांगायचा, तालीम ही ज्याला काम नाही त्यानं करायची. आपल्याला काम नाही हे मात्र तो कबूल करायचा, अभिमानानं. एका रविवारी प्रेमसिंग आले. त्यांची जीभ चालती, त्यांनी दादाला खूप हसवलं, तंबाखू मळून दिली, आणि सहज म्हणावं तसं म्हणाले, "भाऊ, सकाळ-संध्याकाळ बाज धरून जरा उठा-बशा काढत जा."

दादाचं हसणं थांबलं. "उठा-बशा मास्तर लोक पोराइले शिक्षा म्हनून देते," तो म्हणाला. "म्या काय चोरी केली?"

प्रेमसिंगांनी विषय बदलला आणि चहा पिऊन ते गेले. दादानं तोंड गल्लीकडे केलं. मग इंद्रभानकडे न वळता त्यानं विचारलं, "मले बसवलं कोनं? तुनंच ना? मंग आता काहून उठवून राह्यला? जड झालो का?"

इंद्रभानपाशी उत्तर होतं. ते शिक्षकांच्या खोलीत, गोड आवाजात, थांबलेल्या लेखण्यांमध्ये पडलेलं होतं. सांगावं, की दादा, तुम्हाला मी बसवलं ते माझ्या तोंडावरचा डाग झाकायला. पण ते सांगितलं तर दादाकडे काय उरत होतं? पाय तर जातच होते. साऱ्या जन्मात त्याला एक मान मिळाला होता, तो ज्याच्या हातून मिळाला त्यानंच तो खोटा म्हणून परत घ्यायचा. इंद्रभान तांब्या भरून आणायला आत गेला, आणि त्याची नाडी, शहाण्या गड्यासारखी, संथच चालत राहिली. पुढचे दिवस असेच गेले. वर्गात तो धडा पुन्हा आला नाही, परीक्षा संपल्या होत्या, तरी रिकाम्या फळ्यापुढं तो उभा राही. व्यायाम हा शब्द किती भरल्या पोटाचा आहे हे त्याला पहिल्यांदा कळत होतं. त्याच्या शरीराला तो शब्द समजला, कारण त्याच्या पाठीवर कधी ओझं नव्हतं. दादाच्या अंगाला दोनच गोष्टी उठवू शकत होत्या, शिक्षा किंवा मालकाचा हुकूम. तिसरी काही त्या अंगानं पाहिली नव्हती. मृगाला फार दिवस नव्हते. दादाला शौचाला न्यायलाही दोन माणसं लागायची, एवढंच आता बाकी होतं.

एका संध्याकाळी चंपाबाईनं दादाचं ताट उचललं आणि ती ओसरीकडे निघाली. इंद्रभाननं तिला थांबवलं. तो स्वतः उठून दादासमोर उभा राहिला. बोलण्याआधी त्यानं श्वास घेतला, मैदानावर शिकलेला, पोटापर्यंतचा.

"उद्यापासून विहिरीचं पानी तुमी भरायचं," तो म्हणाला. "नुसतं बसून खानारं मानूस ह्या घरात चालनार नाई."

चंपाबाईच्या हातातलं ताट तिरपं झालं, वरण काठाशी आलं. दादानं वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तर इंद्रभानला बरं वाटलं असतं. तिथं फक्त ओळख पटल्यासारखं काहीतरी झालं. हे तो पूर्वीपासून जाणत होता, मधली काही वर्षं विसरला होता इतकंच. "बराबर हाय," तो म्हणाला. "फुकटचं किती दिवस?" आणि त्यानं ताटासाठी हात पुढं केला नाही. ते चंपाबाईनं बाजेच्या कडेला ठेवलं, तिथंच ते निवत राहिलं.

सकाळी इंद्रभान मैदानावर गेला नाही. दाराआड उभं राहून त्यानं पाहिलं. दादानं बाजेची कड धरली, मग भिंत, मग खांब. एकेका टेकणीशी थांबत तो उठला. लहानशी कळशी काखेत घेतली आणि निघाला. इंद्रभान अंतर ठेवून मागं गेला. विहीर गल्लीच्या टोकाला. गावाकडं याच माणसानं जन्मभर विहिरीपासून लांब उभं राहून, कुणी वरून ओतावं म्हणून घागर पुढं धरली होती. इथं बायांनी बाजूला होऊन जागा दिली आणि त्यानं स्वतः दोर सोडला. बादली अर्धी वर आली आणि हात थांबले, दंड कापू लागले. एका बाईनं दोराला हात घातला. दादानं मानेनंच नको म्हटलं. बादली आली. कळशी अर्धी भरली. परत येताना तो तीनदा कुणाच्या ना कुणाच्या ओट्यावर टेकला. उकंडराव दारात पेपर घेऊन उभे होते. दादाला त्यांनी पुढं जाऊ दिलं. मागून येणाऱ्या इंद्रभानला त्यांनी हळूच विचारलं, की सर, थोरल्या भावाले पानी भराले लावलं? साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात इंद्रभान म्हणाला, "हो. मीच लावलं." उकंडरावांनी पेपरात मान घातली. इंद्रभानच्या कानाच्या पाळ्या तापल्या, आणि तापलेल्याच राहिल्या.

तो घरी पोचला तेव्हा दादानं कळशी रांजणात ओतली होती. बाजेकडे तो गेलाच नव्हता. उंबऱ्याबाहेर, अंगणात, भिंतीला पाठ लावून तो सरकत सरकत खाली बसला होता. सालदार मालकाच्या दारात बसतो तिथं, तसा. छातीचा भाता चालला होता. कपाळावरून, गळ्यावरून घाम ओघळत होता, खरा, कामाचा घाम. चेहरा तांबूस झाला होता. धोतराखालून पुढं आलेल्या पोटरीत, कातडीच्या आत, काहीतरी उडत होतं, थांबत होतं, परत उडत होतं. तिथं रक्त पोचत होतं. इंद्रभान ते टक लावून पाहत राहिला.

दादानं मान वर केली. नजर त्याच्या तोंडावर नव्हती, पायांपाशी होती.

"आजूक काय करू, मालक?"

त्यात टोमणा नव्हता. आवाज तसा नव्हताच. वर्षानुवर्षं रोज सकाळी एका अंगणात जो विचारला जात होता तोच प्रश्न होता, तेवढाच सपाट. चंपाबाई आतल्या दारात पदर तोंडावर धरून उभी होती. इंद्रभानला त्याच्यापुढं खाली बसायचं होतं. त्याचे गुडघे, बैठकांनी तयार झालेले, वाकायला कधीही तयार होते. पण तो एकदा का खाली बसला, की संध्याकाळपर्यंत दादा बाजेवर परत जाईल, आणि मग तिथून उठणार नाही. त्यानं हात पाठीमागं नेले आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं.

"रांजन भरला नाई अजून," तो म्हणाला.

"हो जी," दादा म्हणाला, आणि भिंतीला हात लावून उठू लागला.